कंबर

डॉक्टर कोठावदे पेन उचलून थांबले.
"काय लिहू? खरं लिहिलं तरी चालतं आता."
मला अंबडच्या कंपनीतली खिडकी आठवली,
तिची जाळी, जाळीमागचे तिघं
आणि त्यांचा दुपारचा चहा.
म्हटलं, कंबर लिहा.
आजार खरा. नाव तेवढं उसनं.

एकवीस दिवस मिळाले.
पहिले नऊ सिडकोतल्या खोलीत
भिंतीकडे तोंड करून काढले.
शेजारणींना आई सांगायची, मणक्यात गॅप आहे,
आणि सांगता सांगता तिलाच पटलं.
रात्री तेल कोमट करून आणायची.
मी पालथी पडायचे.
न दुखणाऱ्या जागेवरून कुणाचा तरी हात फिरतोय
एवढ्यानंच उशी भिजायची.
"लागलं का गं?"
"नाही. तिथेच. अजून."

दहाव्या दिवशी, गोळी लागू पडली की जानेवारी, कोण जाणे,
अंघोळ केली, वेणी घातली,
फिजिओथेरपीला जाते म्हणाले
आणि सायखेड्याची एसटी पकडली.

खिडकीशी बसले. मग उठून आतल्या बाजूला बसले.
रजेवरच्या माणसानं खिडकीशी बसावं का,
हे कुठल्या नियमात आहे ठाऊक नाही.

बाहेर द्राक्षबागा.
घडांना वर्तमानपत्राचे कागद गुंडाळलेले,
प्रत्येक घड एकेक शिळी बातमी पांघरून
उन्हापासून तोंड लपवत होता.
मी ओढणी जरा पुढे ओढली.

चापडगावला पाणी, नुसतं पाणी.
गोदावरी इथे कुणाचं काही धुवत नाही,
पसरून पडते, धरणाला टेकून.
वाल्मीक नावाच्या पोरानं दुर्बीण लावून दिली:
हे थापटे. हा शेकाट्या, पाय बघा त्याचे, लाल.
"आणि ते, डोकं पिसात खुपसून बसलंय ते?
बरं नाहीये का त्याला?"
"झोपलंय ताई."
"अकरा वाजता?"
"त्याला काय घड्याळ आहे?"

तेवढ्यात एक जांभळी पाणकोंबडी
लव्हाळ्यातून अशी लगबगीनं निघाली,
शेपूट उडवत, लग्नघरातल्या आत्यासारखी,
की मी हसले.
मोठ्यानं.
आणि लगेच मागे वळून पाहिलं.

मागे दुसाने होते.
कॅलिब्रेशनचे दुसाने,
मनोऱ्याच्या खालच्या पायरीवर,
गळ्यात स्वतःची दुर्बीण, डोक्याला कानटोपी.
माझा हात आपोआप कमरेवर गेला.
"आता कशी आहे?" त्यांनी विचारलं.
"वाकता येत नाही अजून,"
मी म्हणाले, मनोऱ्याच्या तेवीस पायऱ्या चढून आलेली.

ते वर आले. कठड्याला टेकले.
बराच वेळ काही बोलले नाहीत.
मग म्हणाले, "त्या बाभळीच्या डावीकडे बघा, कापशी घार.
पंख हलवते, पण जागेवरच असते.
दमत असेल."
त्यांच्या डब्यातली मेथीची पोळी
आम्ही अर्धी अर्धी खाल्ली.
कंपनीचं नाव दोघांनीही काढलं नाही.

परतीच्या एसटीत, ओझरच्या आसपास,
विमानतळाची पाटी मागे गेली तेव्हा
लख्खकन लक्षात आलं:
आज बुधवार.
दुसान्यांचाही बुधवारच असणार की.

घरी आईनं दिव्याखाली माझी हनुवटी धरली.
नाक लाल. शेंड्यावर साल सुटू घातलेलं.
काही बोलली नाही. आत गेली.
तेलाची वाटी नाही आणली,
सायीची आणली,
आणि बोटभर साय नाकावर थापत म्हणाली,
"तुझ्या फिजिओथेरपीत ऊन फार असतं वाटतं.
उद्या टोपी ने."